पहिली आवृत्ती, की नुसतीच जुनी?

तारळी-कृष्णेच्या संगमावरचे आमचे आजोळ उंब्रज. दिवाळीपूर्वी मामांचा माळा झाडताना रद्दीच्या तराजूतून एक पुस्तक मी अक्षरशः ओढून काढले. डॉ. जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’! मौज प्रकाशनाने १९७९ मध्ये काढलेल्या या विज्ञानकथा.

“अरे, वाळवी लागलीय त्याला,” मामी म्हणाल्या.

“थांबा मामी, पहिली आवृत्ती असेल!”

वाचकहो, अशा वेळी शीर्षकपानाची पाठ वाचावी. ‘पहिली आवृत्ती’ दिसली की आपण हुरळतो. पण ही ओळ पुढच्या छपाईतही राहते. तिच्याखाली ‘दुसरी आवृत्ती’ किंवा ‘पुनर्मुद्रण’ नाही ना, हे पाहायचे. (जुन्या पुस्तकावर नुसता शक असला, तर ७८ मिळवा.) किंमतीवर चिकटवलेली चिठ्ठी मात्र काहीच सिद्ध करत नाही; दुकानदारही ती लावतो.

आमच्या प्रतीत वाळवीने नेमकी खालचीच ओळ खाल्लेली! मग मागची पाने उघडली. लेखकाच्या पुस्तकांच्या यादीत ‘व्हायरस’! ती कादंबरी तर कितीतरी नंतरची.

“मग टाकू तराजूत?” मामींनी विचारले.

आतल्या पानावर मामांची सही होती. मामींनीच पदराने पुस्तक पुसले.