नोंदवही एकच, पडदे अनेक : मध्यवर्ती संगणक पद्धतीची ओळख



लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, गटात आमची तारीख एक सांगत्यात आणि कारखान्यावर दुसरीच. खरी कंची?" प्रश्न रास्त आहे. तोडणीची पाळी लागणीची तारीख आणि उसाची जात पाहून लावली जाते. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी तयार होतो, सुरू ऊस साधारण बारा महिन्यांनी. नोंदीत तारीख महिना-दीड महिन्याने चुकली तर कोवळा ऊस तुटतो, नाहीतर पक्व ऊस फडात उभा राहून तुरा येतो, पोकळ पडतो आणि वजनात मार बसतो. सबब नोंद हा नुसता कागद नव्हे, सभासदाच्या टनेजचा प्रश्न आहे.

दोन तारखा होतात कशा?

प्रत्येक गट कार्यालयात स्वतंत्र संगणक आणि त्यात स्वतंत्र नोंदवही असली की हा घोळ होतो. शेतकी मदतनीस गटात नोंद करतो. आठवड्याने ती माहिती पेन ड्राइव्हवर कारखान्यात येते. मधल्या काळात कारखान्यावर एखादी दुरुस्ती झाली, तर ती गटाला कळत नाही. पुढच्या आठवड्यात गटाची जुनीच नोंद पुन्हा वर येते आणि झालेली दुरुस्ती पुसून जाते. यात कोणी लबाडी केलेली नसते. वह्या दोन म्हणून तारखा दोन, इतकंच.

यावर 'रिमोट डेस्कटॉप' नावाची पद्धत आहे. मोठ्या उद्योगांत आणि कचेऱ्यांत ती बरीच वर्षे वापरात आहे. आपल्यासारख्या विखुरलेल्या गटांच्या कारखान्याला ती कशी उपयोगी पडेल, हे थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

काम कसे चालते?

मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, कारखान्यावर एका बंदिस्त खोलीत असतो. सर्व नोंदी आणि नोंदीचा प्रोग्रॅम त्यातच राहतो. गटात फक्त पडदा, कीबोर्ड, माऊस आणि एक लहान डबी असते. तिला 'थिन क्लायंट' म्हणतात. मदतनिसाने गटात बटण दाबले की ते बटण तारेवरून कारखान्यावर पोहोचते. काम तिथला सर्व्हर करतो आणि पडद्याचे चित्र गटाकडे परत पाठवतो. त्यातही चित्राचा बदललेला भागच पाठवला जातो, म्हणून फार मोठी लाइन लागत नाही. एकाच सर्व्हरवर अनेक जण आपापल्या नावाने, एकमेकांच्या कामात न येता काम करू शकतात.

उपसा सिंचन योजना आपल्या परिचयाची आहे. नदीवर एक जॅकवेल, एक पंपघर आणि तिथून प्रत्येक शिवारात पाइप. प्रत्येकाने नदीवर स्वतःचे इंजिन ठेवायची गरज नाही. इथेही तसेच आहे.

मध्यवर्ती संगणकाचा वापर आपल्याकडे नवा नाही. १९८५ साली दिल्लीत रेल्वेचे संगणकीय आरक्षण सुरू झाले. खिडकीवरच्या कारकुनापुढे टर्मिनल आणि जागांचा हिशेब मध्यवर्ती संगणकात, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे एक जागा दोन खिडक्यांवरून दोघांना विकली जात नाही. तोडणीच्या पाळीलाही हीच शिस्त हवी.

वारणेचा धडा

साखर कारखानदारीतले उदाहरण पाहायचे तर वारणानगरचे. १९९८ साली तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्यात होती. ऊस नोंद, तोडणी आणि वजनाची माहिती गावातच मिळावी, हा एक हेतू होता. पुढे २००६-०७ च्या सुमारास तिथल्या काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. गावोगावी अख्खा संगणक ठेवायचा म्हणजे वीज, दुरुस्ती, देखभाल हे सगळं मागे लागतं. यातून आम्ही घेतो तो बोध असा, की गावातले यंत्र जितके हलके तितके बरे. जड काम मध्यभागी करावे.

फायदे कोणते?

पहिला फायदा, नोंद एकच. गटात दिसते तेच कारखान्यावर दिसते. दुरुस्ती झाली की सगळीकडे एकदमच दिसते.

दुसरा, वीज गेली तरी केलेले काम वाया जात नाही. गटातला पडदा बंद पडला तरी सर्व्हरवरचे काम उघडेच ठेवता येते. वीज आली की जिथे थांबलो तिथून पुढे.

तिसरा, माहितीची राखण. डबी चोरीला गेली किंवा जळाली तर डबीच जाते, सभासदांच्या नोंदी व बँक खाती जात नाहीत. कोणी कोणती नोंद पाहावी आणि कोणी बदलावी, हे कारखान्यावरूनच ठरवता येते.

चौथा, खर्च. थिन क्लायंटला बहुधा पंखा नसतो, फिरती तबकडी नसते. त्यामुळे धुळीने बिघाड कमी आणि वीजही थोडी. जुने संगणकसुद्धा नुसता पडदा म्हणून वापरता येतात. प्रोग्रॅममध्ये बदल करायचा तर गटागटाला माणूस धाडावा लागत नाही, एकदा सर्व्हरवर केला की झाले.

जपायचे काय?

जॅकवेल बंद पडली तर सगळे शिवार कोरडे, हा धोका इथेही आहे. म्हणून सर्व्हरला बॅटरीची जोड, जोडीला दुसरा राखीव सर्व्हर आणि गटाला दोन वेगळ्या लाइनी हव्यात. वजनकाट्याचे यंत्र मात्र या लाइनीवर अवलंबून ठेवू नये. लाइन तुटली तरी वजन जागेवर नोंदले जावे, पावती निघावी आणि मागाहून ते सर्व्हरवर चढावे. तुटलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला गेला पाहिजे, लाइनीसाठी गाड्या खोळंबून चालणार नाही.

दुसरा धोका चोरांचा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या किडीने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांची कामे त्यात अडली. त्या खिंडारावरचा इलाज मार्च २०१७ मध्येच निघालेला होता, पण ज्यांनी तो लावला नाही ते सापडले. सबब सर्व्हर वेळच्या वेळी अद्ययावत करणे, रिमोट डेस्कटॉपचे दार इंटरनेटवर उघडे न टाकणे आणि पासवर्डबरोबर मोबाइलवरचा आकडाही मागणे, ही पथ्ये पाळलीच पाहिजेत. नोंदींची एक प्रत रोज काढावी आणि ती तारेपासून तोडून दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

सभासदांनी काय करावे?

एक गोष्ट कोणतेही यंत्र करू शकत नाही. चुकीची तारीख भरली तर ती सगळ्या पडद्यांवर सारखीच चुकीची दिसेल. पूर्वी दोन वह्या ताडून चूक सापडायची, आता ती सभासदानेच पकडायला हवी. तरी नोंद करताना गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख पडद्यावर स्वतः वाचून पाहावी. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला बरोबर आणावे. छापील पावती मागून घ्यावी आणि ऊस तुटेपर्यंत जपून ठेवावी. फरक दिसल्यास तोडणीची वाट न बघता लगेच गट कार्यालयात लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी