कोलाहलातील हाक

शिगम्याच्या मिरवणुकीत ढोल-ताशांचा गजर चालू असताना चुकलेले मूल दुरून हाक मारते. ती इतरांच्या ध्यानी येत नाही. आईच्या मात्र येते. तिचे कान इतरांहून तीक्ष्ण असतात असे नव्हे, तर कोणती हाक शोधावयाची हे तिला आधीच ठाऊक असते. बिनतारी संदेशवहनात कोलाहल गाळून संदेश टिपण्याचे जे तंत्र आहे, त्याचा पाया हाच होय.

समुद्रावरील संकटसूचक यंत्राचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जहाज बुडू लागले म्हणजे हे यंत्र ४०६ मेगाहर्ट्झ लहरींवर उपग्रहाकडे संदेश धाडते. त्याची शक्ती अवघी ५ वॅट, म्हणजे घरातील लहान दिव्याएवढी. शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर असलेल्या उपग्रहापर्यंत पोहोचेतो हा संदेश अत्यंत क्षीण होतो. शिवाय ग्राहक यंत्राच्या भागांतही उष्णतेमुळे विद्युत्कणांची अखंड खळबळ चालू असते. ती कमी करता येते, पण पूर्णपणे थांबविता येत नाही.

यास्तव प्रथम ठराविक पट्ट्याबाहेरील लहरी गाळल्या जातात. उरलेल्या मिश्रणावर अपेक्षित संदेशाचा नमुना ठेवून तो कोठे जुळतो हे पाहिले जाते. जेथे जुळतो तेथे संदेशाच्या सर्व अंशांची बेरीज होते. कोलाहल मात्र अस्ताव्यस्त असल्याने त्यातील अधिक-उणे बहुतांशी परस्परांना खाऊन टाकते. रडारच्या संदर्भात या जुळत्या गाळणीचे विवेचन डी. ओ. नॉर्थ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४३ साली केले.

परंतु एकाच वेळी दोन नौका संकटात सापडल्या तर? तेव्हा एकीची हाक हीच दुसरीच्या दृष्टीने कोलाहल ठरते. त्यावरील उपाय मोठा साधा आहे. प्रत्येक यंत्र सुमारे अर्धा सेकंद बोलते व साधारण ५० सेकंद गप्प राहते. मात्र हे अंतर हेतुपुरस्सर थोडे अनियमित ठेवलेले असते. त्यामुळे दोन संदेश एकदा एकमेकांवर आदळले, तरी पुढच्या खेपेस ते बहुधा निरनिराळ्या क्षणी निघतात. नव्या पिढीच्या यंत्रांत संदेश सांकेतिक क्रमाने रुंद पट्ट्यावर पसरविला जातो. तोच क्रम लावून तो पुन्हा गोळा करता येतो.

पूर्वीच्या १२१.५ मेगाहर्ट्झ यंत्रांच्या हाकेत नाव-गाव काहीच नसे. खोट्या इशाऱ्यांचा सुकाळ झाल्याने १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांद्वारे ती ऐकणे बंद झाले. आजच्या संदेशात यंत्राचा ओळखक्रमांक असतो. भारतात बंगळूर व लखनौ येथील केंद्रांवर हे संदेश उतरतात. तो क्रमांक कोणाचा, हे मात्र कोणतीही गाळणी सांगू शकत नाही. ते नोंदवहीतच पाहावे लागते. नौका विकली गेली आणि नोंद जुन्या मालकाच्या नावेच राहिली, तर चौकशीचा पहिला दूरध्वनी घरी सुखरूप बसलेल्या माणसास जातो.