कोमात जाणारी माशी

मे महिन्यात इंदुरात दुपारी पारा सहज 40 अंशांपर्यंत चढतो. साधारण तेवढ्याच उष्म्यात, 38 अंशांच्या आसपास, फळमाशीचा एक म्यूटंट काही मिनिटांत निपचित पडतो आणि गारव्यात आणला तरी बराच वेळ उठत नाही. त्याचं नाव ‘कोमाटोज’. 2013 च्या वैद्यकातल्या नोबेलमागे जे विज्ञान आहे, त्यात या माशीचा वाटा मोलाचा आहे, पण तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही.

ओबैद सिद्दिकी 1962 मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे कॅलटेकच्या सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माशा तपासल्या. शोधनिबंध 1976 मध्ये आला. बिघाड मज्जासंस्थेत आहे एवढं कळलं. कोणत्या प्रथिनात, हे सांगणारी साधनं तेव्हा नव्हती.

तिकडे बर्कलीत रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोविक यीस्टची पेशी आपला स्राव बाहेर कसा टाकते, या प्रश्नामागे लागले होते. त्यांची युक्ती मला फार आवडते: स्राव अडला की पेशी आतल्या आत भरून जड होते, मग जड पेशीच वेगळ्या काढायच्या! त्यातून 1980 पर्यंत 23 जनुकं हाती आली. जेम्स रॉथमन यांनी 1988 मध्ये फोडलेल्या पेशींच्या अर्कातून ‘एनएसएफ’ हे प्रथिन शुद्ध केलं. शेकमन यांच्या यादीतलं ‘सेक18’ तेच निघालं. आणि 1995 मध्ये विस्कॉन्सिनच्या बॅरी गॅनेट्स्की यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं की कोमाटोज माशीत बिघडलेलं प्रथिनही तेच!

सिद्दिकी 26 जुलै 2013 ला बेंगळुरूत वारले. शेकमन, रॉथमन आणि थॉमस स्युडहॉफ यांना नोबेल जाहीर झालं ते 7 ऑक्टोबरला.

माशीने मात्र नुसता दुजोरा दिला नाही. चेतापेशीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या पुटिका असतात. पुटिकेवरची आणि पेशीपटलावरची स्नेअर प्रथिनं दोरीच्या पेडांसारखी एकमेकांत पिळली जातात, दोन्ही पटलं ओढली जाऊन एकजीव होतात आणि रसायन बाहेर पडतं. पटलं जोडण्याचं काम एनएसएफच करतं, असा बरेच दिवस समज होता. 1998 मध्ये तापवलेल्या कोमाटोज माशा पाहिल्या, तर पुटिका पटलाशी येऊन खोळंबलेल्या आणि स्नेअरचे न सुटलेले पीळ साचलेले. एनएसएफ पीळ घालत नाही. एटीपीची ऊर्जा खर्चून ते वापरून झालेला पीळ सोडवतं, तेव्हाच तीच प्रथिनं पुढच्या पुटिकेसाठी मोकळी होतात.