चट्टे कातडीवर, बिघाड आत

चैत्रातल्या हळदीकुंकवाला एखादी लांब बाह्यांचं पोलकं घालून आली, की बायकांची नजर तिच्या कोपरांकडे जातेच. लालसर चट्टे, वर चंदेरी पापुद्रे. मग कुजबूज सुरू. तिच्या हातचं पन्हंसुद्धा कुणी घेत नाही! भगिनींनो, सोरायसिस शिवल्यानं किंवा उष्ट्यानं होत नाही.

मग होतो कशानं? निरोगी कातडीची पेशी तळातून वर यायला साधारण महिना लागतो. इथं ती तीन ते पाच दिवसांत येते. त्यामुळे पुष्कळ वर्षं दोष कातडीवरच ढकलला गेला. १९७९ साली म्युलर आणि हरमन या डॉक्टरांनी सांधेदुखीच्या रोग्यांना सायक्लोस्पोरिन दिलं, आणि ज्यांना सोरायसिस होता त्यांचे चट्टेही विरले. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवल्यावर शरीरानं ते नाकारू नये म्हणून द्यायचं हे औषध. ते आवरतं टी पेशींना, म्हणजे रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींना. पहारेकरीच घरच्यांना चोर समजून ओरडत होते, आणि त्या गोंगाटानं कातडी भराभर वाढत होती.

थोडे चट्टे असतील तर मलमावर भागतं. अंगभर पसरले, की या पहारेकऱ्यांना आवरणारी औषधं लागतात. मेथोट्रेक्सेटची गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोजची समजून घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेततं. गुरुवार ठरवलात तर कालनिर्णयवर प्रत्येक गुरुवारी खूण करा, आणि ही गोळी यजमानांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. रक्ताची तपासणी चुकवायची नाही. गर्भाला या गोळीनं अपाय होतो. लग्न ठरलेल्या मुलीला ती गुपचूप देणाऱ्या आयांनी हे आधी डॉक्टरांशी बोलावं. सायक्लोस्पोरिनवर असताना ब्लडप्रेशर आणि मूत्रपिंडाकडे लक्ष हवं.

आता इंजेक्शनंही आहेत. बंगलोरला तयार झालेलं इटोलिझुमॅब २०१३ साली बाजारात आलं. अशा इंजेक्शनांआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात, कारण पहारा ढिला पडला की आत निजलेले जंतू उठू शकतात. म्हणून ताप आला तर काढा पिऊन बसू नका.

आणि ‘मुळासकट बरं करतो’ म्हणत कुणी बिननावाची पुडी दिली, तर ती घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड असलं, तर चार दिवस कातडी लख्ख दिसते. पुडी थांबली की चट्टे दुप्पट जोमानं उसळतात.