गायकाचा सूर उतरला की व्हिडिओचा? ‘अनऑफिशियल’ डॉक्युमेंटरी बघताना

साताऱ्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा रूममेटमुळे पिंक फ्लॉइडचं वेड लागलं. १९८५ मध्ये रॉजर वॉटर्स या बँडमधून बाहेर पडला. उरलेल्यांनी १९८७ आणि १९९४ मध्ये नवे अल्बम काढले. या उत्तरार्धावरच्या बऱ्याच डॉक्युमेंटरी आम्ही हॉस्टेलवर रात्री जागून बघितल्या. त्यातल्या काहींमध्ये एक गोष्ट खटकायची. तासभर संगीतावर चर्चा, पण गाणं वाजायचं जेमतेम काही सेकंद. बँडमधलं कुणी नव्याने बोलायचंच नाही, नुसते समीक्षक आणि जुने फोटो.

कारण साधं होतं, त्या ‘अनऑफिशियल’ होत्या. म्हणजे बँडचा किंवा रेकॉर्ड कंपनीचा सहभाग नाही आणि गाणी वापरायचा परवानाही नाही. अनऑफिशियल म्हणजे बेकायदेशीर असं मात्र नाही. कुणाच्याही कामावर बोलायला परवानगी लागत नाही, त्याचं गाणं वाजवायला लागू शकते.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीत मी केलेली एक चूक.

मी फॉरवर्ड केला, आजोबांनी पकडला

आम्ही मूळचे सांगलीचे. बालगंधर्वांच्या उत्तरार्धावरचा वीसेक मिनिटांचा एक व्हिडिओ मी न तपासता फॅमिली ग्रुपवर टाकला. व्हिडिओचं म्हणणं असं, की १९३० नंतर त्यांचा आवाज संपला आणि पुढचं सगळं आयुष्य म्हणजे नुसती उतरण. पुरावा म्हणून शेवटी तीसच्या दशकातली एक रेकॉर्ड अख्खी वाजवली होती. आवाज खरंच जड आणि थकलेला वाटत होता.

आजोबांनी पन्नासच्या दशकात, लहानपणी, बालगंधर्वांचं भजन समोर बसून ऐकलंय. त्यांनी व्हिडिओ दोनदा ऐकला, पेटी काढली आणि म्हणाले, “माझ्याकडे हीच रेकॉर्ड आहे. हे पट्टीभर खाली आहे बघ. त्यांचा सूर उतरला नाही, तुझ्या व्हिडिओचा उतरलाय.”

मग मी इंजिनिअरगिरी केली. आजोबांच्या रेकॉर्डची मी पूर्वीच फाइल करून ठेवली होती, तिची लांबी ३ मिनिटं १० सेकंद. व्हिडिओत तेच गाणं ३ मिनिटं २१ सेकंद चाललं होतं. म्हणजे वेग साधारण सहा टक्के कमी. वेग सहा टक्क्यांनी कमी झाला की सूर जवळपास अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने खाली येतो. आजोबांच्या कानाचं आणि माझ्या कॅल्क्युलेटरचं उत्तर एकच आलं.

वेग बदलतो कसा?

मुख्य कारणं दोन. पहिलं, निव्वळ चूक. या रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात, पण त्या काळी सगळी ध्वनिमुद्रणं नेमकी ७८ वरच झाली असंही नाही. त्यातच फाइल करताना यंत्र थोडं हळू फिरलं की संपलं.

दुसरं कारण यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा. २००७ पासून ती आहे. हक्कदार आपली गाणी तिच्याकडे देतात, ती प्रत्येक गाण्याचा एक प्रकारचा बोटाचा ठसा बनवते आणि नव्या व्हिडिओशी जुळवून बघते. जुळलं की हक्कदार व्हिडिओ बंद करू शकतो, जाहिरातीचे पैसे घेऊ शकतो किंवा नुसती नजर ठेवू शकतो. हा ठसा जुळू नये म्हणून काही जण गाण्याचा वेग किंवा सूर किंचित बदलून टाकतात. आपल्या व्हिडिओत यातलं कोणतं कारण होतं ते बनवणाऱ्यालाच माहीत. पण परिणाम एकच: ऐकणारा गायकाला दोष देतो.

गंमत म्हणजे लपवाछपवीची गरज नव्हती

भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे तीसच्या दशकातल्या रेकॉर्डवरचा हक्क कधीच संपलाय.

पण थांबा, एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. नाटककार कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये गेले आणि ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. त्यामुळे ती पदं आता मुक्त आहेत. ‘कान्होपात्रा’चे संगीतकार मास्टर कृष्णराव मात्र १९७४ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चालींचा हक्क २०३४ संपेपर्यंत आहे. रेकॉर्ड मुक्त, पण चाल मुक्त नाही, असंही होऊ शकतं. समीक्षेसाठी छोटा तुकडा वापरायला कायद्यात जागा आहे, पण मशीनला ते कळत नाही.

मुक्त रेकॉर्डवरही दावा येऊ शकतो, कारण तीच रेकॉर्ड नव्याने साफ करून कुणीतरी यंत्रणेत टाकलेली असते. अशा वेळी हरकत नोंदवता येते, दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. सूर बदलण्यापेक्षा हा रस्ता बरा.

मग उत्तरार्ध खरा कसा होता?

बालगंधर्वांचा उत्तरार्ध सोपा नव्हता. बोलपटांच्या लाटेत नाटक मंडळी बुडत होत्या, डोक्यावर कर्ज होतं, शेवटी आजारपणही आलं. पण ‘नुसती उतरण’ हे खोटं आहे. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’ आला. पुढे गोहरबाई कर्नाटकी यांच्यासोबत रंगभूमीवरचं काम आणि भजनं चालू राहिली. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. आमच्या सांगलीचं विष्णुदास भावे पदक सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले मानकरी तेच होते. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले.

वयानुसार आवाज बदलतोच, त्यावर जरूर बोलावं. पण पुरावा तरी सरळ वेगाने वाजवावा!

बघताना एवढं तपासा

१. गाण्याची लांबी. तीच रेकॉर्ड दोन-तीन ठिकाणी शोधा आणि वेळ जुळवा. सेकंदभराचा फरक सोडून द्या, दहा-अकरा सेकंदांचा सोडू नका.

२. यूट्यूबच्या स्पीड बटणाने सूर तपासू नका. ते वेग बदलतं, पण सूर जागेवरच ठेवतं. दोन्ही एकत्र बदलायचे असतील तर कॉम्प्युटरवर ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर वापरा.

३. गावाचं नाव. बालगंधर्वांचं म्हणून ओळखलं जाणारं नागठाणे पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी आहे. दुसरं नागठाणे साताऱ्याजवळ हायवेला लागतं. सांगली-सातारा करताना मला ते एसटीतून दिसायचं. व्हिडिओत गावाचं नाव बालगंधर्वांचं आणि नकाशा हायवेवरच्या गावाचा असेल, तर बाकीची माहितीही जपून घ्या.

४. चेहरा. २०११ च्या ‘बालगंधर्व’ सिनेमातला सुबोध भावे खरे बालगंधर्व म्हणून खपवला जात नाहीये ना? त्या सिनेमातली गाणी आनंद भाटे यांनी गायलीत, तीही मूळ रेकॉर्ड नव्हेत.

५. माहिती आली कुठून? पुस्तक, रेकॉर्डवरचं लेबल, जुनं वर्तमानपत्र, काहीतरी दाखवलंय का? दहा व्हिडिओंत तेच वाक्य शब्दशः असेल, तर ते दहा पुरावे नाहीत. एकाचीच कॉपी आहे.

अनऑफिशियल डॉक्युमेंटरी बघूच नका असं मी म्हणत नाही. मोठ्या कंपन्या ज्या कलाकारांकडे वळत नाहीत, त्यांच्यावर हीच हौशी पोरं काम करतात. मी त्या व्हिडिओखाली दोन्ही वेळा लिहून दुरुस्ती सुचवलीय. अजून उत्तर नाही. फॅमिली ग्रुपवर मात्र मीच चूक कबूल केली आणि आजोबांच्या रेकॉर्डची फाइल टाकली. तुमच्याही घरी माळ्यावर जुन्या रेकॉर्ड किंवा कॅसेट असतील. त्या खराब व्हायच्या आत नीट वेगाने फाइल करून ठेवा. पुढचा व्हिडिओ तपासायला त्याच लागतील.