विश्लेषण : भाजीबाजाराचा कचरा सडतो, मग त्याचेच खत कसे होते?

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत भाजीचा व्यापार आटोपला, की मागे फ्लॉवरचा पाला, कोथिंबिरीच्या सडक्या जुड्या आणि टोमॅटोचा लगदा उरतो. तो नुसता ढिगाने पडून राहिला तर काळे पाणी सुटते, दुर्गंधी येते. त्यातच कोरडा पेंढा मिसळून ढीग रचला, तर दोन-तीन दिवसांत तो आतून इतका तापतो की हात घालवत नाही. ही उष्णता जिवाणूंची.

ढीग तापतो कसा?
सुरुवातीला साधे जिवाणू पाल्यातली साखर खातात. त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते आणि ढिगात कोंडते. तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले की ते मागे पडतात आणि उष्णताप्रिय जिवाणू कामाला लागतात. देठांतला चिवट सेल्युलोज ते झपाट्याने फोडतात. ढीग सलग काही दिवस ५५ अंशांच्या वर राहिला तर बहुतेक रोगजंतू आणि तणांचे बी मरते. पारा ७० च्या पुढे गेला तर मात्र हे जिवाणूही टिकत नाहीत. ढीग उलथावा लागतो.

मग पाकिटातले कल्चर कशाला?
खरे तर हे जिवाणू शेणात, मातीत, जुन्या खतात असतातच. कल्चरने सुरुवात लवकर होईल, पण हवाच नसेल तर तेही गुदमरेल. अडचण ओलाव्याची आहे. पालेभाजीत सुमारे ९० टक्के पाणी असते, ढिगाला ५० ते ६० टक्के पुरते. शिवाय नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब हवा; पाल्यात तो कमी, भाताच्या पेंढ्यात भरपूर. आंब्याच्या पेट्यांतून येणारा पेंढा याच बाजारात, फळांच्या बाजूला सापडतो! ढीग मीटरभर तरी उंच हवा, नाहीतर ऊब टिकत नाही.

पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ टाक्यात हवेसाठी विटांच्या भिंतींत छिद्रे ठेवतात. उलथापालथ वाचते, पण तीन-चार महिने लागतात. खाडीपलीकडे, तुर्भ्याच्या समोरच्या ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ प्रकल्पात गरम पाणी आणि हवा देऊन हेच उष्णताप्रिय जिवाणू ओला कचरा आधी पचवतात; मग त्यापासून बायोगॅस आणि खत मिळते.

खत तयार झाले कसे ओळखायचे?
थंड झालेला ढीग उलथून पाणी मारावे. पुन्हा तापला तर आत माल कच्चा आहे. असे खत मुळाशी घातले तर रोपे पिवळी पडतात.