संस्थेचे नाव आणि स्वागताची भाषा

राजापेठेच्या चौकात एखाद्याने ‘विदर्भ महारोगी सेवा मंडळ कोठे आहे?’ असे विचारले, तर ऐकणारा क्षणभर थबकेल. ‘तपोवन कोठे आहे?’ असे विचारले, तर तत्काळ दिशा दाखवील. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीत आरंभिलेल्या एकाच कार्याची ही दोन नावे आहेत. सेवाभावी संस्था आपल्या नावाने नेमकी कोणाशी बोलते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

प्रथम ‘महारोग’ हा शब्द पाहू. वाग्भटाने अष्टांगहृदयात आठ महारोग सांगितले आहेत. त्यांत कुष्ठाबरोबर मूळव्याध, मुतखडा व प्रमेह हेही येतात. म्हणजे हा शब्द मुळात दुस्तर अशा रोगवर्गाचा वाचक होता. मराठीत अर्थसंकोच होऊन तो एकट्या कुष्ठास चिकटला. मूळव्याध झालेल्यास आज कोणी महारोगी म्हणत नाही.

‘रोगी’ या शब्दाची घडणही लक्षणीय आहे. ‘धनी’, ‘ज्ञानी’ यांप्रमाणे येथे नामास ‘इन्’ हा मत्वर्थीय प्रत्यय लागला आहे. त्यामुळे रोग ही अवस्था न राहता व्यक्तीची ओळख बनते. ‘रुग्ण’ हे धातुसाधित केवळ अवस्था दाखविते, म्हणून ते सौम्य वाटते. परंतु बऱ्या झालेल्या माणसासाठी बोलीत रूढ शब्दच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली; आज सहा वा बारा महिन्यांच्या उपचाराने हा रोग बरा होतो. कुष्ठपीडितांविषयीचा १८९८ चा कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला. रोग गेला, कायदा गेला. नाम मात्र राहिले.

तथापि संस्थापकांस दोष देणे अनुचित ठरेल. ज्या दुःखाकडे समाज पाठ फिरवीत होता, त्याचा स्पष्ट उच्चार त्या काळी आवश्यकच होता. नोंदणीचे नाव शासनाशी व दात्यांशी बोलते. स्थळाचे नाव तेथे राहावयास येणाऱ्याशी बोलते. वरोऱ्यास बाबा आमटे यांच्या कार्यातही हीच जोडी आढळते : संस्था ‘महारोगी सेवा समिती’, स्थळ ‘आनंदवन’. दोन्ही स्थळनामे ‘वन’शब्दान्त असून दोहोंत रोगाचा उल्लेख नाही.

इंग्लंडातील क्वेकर पंथाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ‘थरथरणारे’ या अर्थाचे हे नाव सतराव्या शतकात विरोधकांनी उपहासाने दिले. पंथीय स्वतःस ‘मित्र’ म्हणवीत. पुढे त्यांनी ते उपनामही स्वेच्छेने स्वीकारले. स्वीकार स्वतःचा असला, की उपहासाची धार बोथट होते. ‘महारोगी’ हा शब्द मात्र ज्यांना लावला गेला, त्यांना तो हवा की नको, हे सहसा कोणी विचारलेच नाही.

म्हणून कोणत्याही संस्थेच्या नावास एक साधी कसोटी लावावी : तेथील रहिवासी आपला पत्ता सांगताना ते नाव निःसंकोच उच्चारू शकतो काय? अभ्यासकांनी संस्थांच्या पाट्या, अर्ज व आवाहने या दृष्टीने तपासावीत; आणि त्यापूर्वी तेथे राहणाऱ्यांस विचारावे.